मासे धरणाऱ्यास कोणतें पुस्तक द्यावें?

नाताळ जवळ आला म्हणजे एकमेकांस पुस्तकें भेट देण्याची चाल आमच्या ओळखीच्या मंडळींत पुष्कळ वर्षांपासून आहे, व ती आम्हांस कोणत्याहि मिठाईच्या डब्यापेक्षां अधिक प्रिय आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला कीं पालक, माजी विद्यार्थी, क्वचित् एखादे शेजारीहि आम्हांस गांठून विचारूं लागतात कीं, अमक्यास काय द्यावें? बहुतेकांची सोय लावणें अवघड नसतें. ज्यास क्रिकेटचें वेड त्यास एखाद्या खेळाडूचें चरित्र, जिला भरतकामाची आवड तिला नमुन्यांचें पुस्तक, आणि ज्यास कशाचीच आवड नाहीं त्यास प्रवासवर्णन, हा आमचा ठरलेला क्रम आहे. परंतु "त्याला मासे धरायचा नाद आहे" असें सांगण्याची पाळी आली म्हणजे सांगणाराचा सूरच बदलतो. क्रिकेटचें वेड असतें, गाण्याचा छंद असतो, मासे धरण्याचा मात्र नाद! आणि नाद म्हटला म्हणजे तो सोडविण्याची गोष्ट ओघानेंच आली. अशा माणसासाठीं पुस्तक विचारणारे पुष्कळ लोक त्याची आवड पुरविणारें नव्हे, तर ती घालविणारें पुस्तक मनांत धरून आलेले असतात. तसलीं पुस्तकें आम्हांस ठाऊक नाहींत. आणि असतीं तरी तीं सणाच्या दिवशीं रंगीत कागदांत बांधून कोणाच्या हातीं द्यावीं असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा वर्ग उदार लोकांचा. हे मासे धरण्याची कृति शिकविणारें, चित्रांनीं भरलेलें, एखादें जाडजूड विलायती पुस्तक विकत घेतात. हेतु चांगला, पण उपयोग थोडा. थंड देशांतील झऱ्यांत पिसांचे कृत्रिम कीटक टाकून ट्राउट कशी धरावी हें कितीहि वाचलें तरी दारणेच्या डोहांतील मरळ त्यानें गळास लागत नाहीं. शिवाय ज्यानें वीस पावसाळे नदीकांठीं काढले आहेत त्यास गांडूळ कसें अडकवावें हें पुस्तकानें काय सांगावें? त्याच्या वेळेचा हिशेब केला तर मासा ओढून घेण्यांत जाणारा काळ घटकाभराचाहि नसतो. बाकीचा सगळा दिवस पाण्यावरच्या काडीकडे पाहत बसण्यांत जातो. तें बसणें ज्या पुस्तकास समजलें आहे, आणि जें वाचकास अडाणी न समजतां जाणता समजतें, तेंच त्यास द्यावें, ही आमची कसोटी आहे. तिला उतरणारीं जीं थोडीं पुस्तकें आमच्या वाचनांत आलीं त्यांविषयीं येथें लिहितों.

ज्यास इंग्रजी वाचतां येतें त्यास आयझॅक वॉल्टनचें 'द कंप्लीट अँगलर' द्यावें. हें पुस्तक १६५३ सालीं लंडन येथें निघालें, तेव्हां ग्रंथकार साठीच्या घरांत होता. धंद्यानें तो व्यापारी. परंतु जॉन डन, जॉर्ज हर्बर्ट अशा ईश्वरभक्त कवींचीं चरित्रें लिहिणाराहि तोच. काळ मोठ्या धामधुमीचा होता. राजाचा शिरच्छेद होऊन चारच वर्षें झालीं होतीं. वॉल्टनच्या मंडळीचे बिशप पदच्युत झाले होते आणि तिच्या प्रार्थनापुस्तकावर बंदी आली होती. ज्याचें सर्वस्व असें उधळलें गेलें होतें त्या गृहस्थानें लिहिलें काय, तर नदीकांठची सकाळ, पाऊस आल्यावर झाडाखालीं घेतलेला आसरा, रात्रीं खाणावळींतलें जेवण आणि गाणीं! प्रचलित आवृत्तीच्या आरंभीं एक मासे धरणारा, एक शिकारी व एक ससाणे पाळणारा असे तिघे वाटेंत भेटतात आणि आपापल्या विद्येची थोरवी सांगतात. हा संवाद आमच्या जुन्या वादसंवादांची आठवण करून देतो. ग्रंथकाराच्या हयातींत पांच आवृत्त्या निघाल्या व तो कांहीं ना कांहीं भर घालीत राहिला. १६७६ च्या पांचव्या आवृत्तीस तर त्याचा मित्र चार्लस् कॉटन यानें दुसरा भागच जोडला. पुस्तक निर्दोष मात्र नाहीं. मधलीं प्रकरणें एकेका माशावर आहेत, आणि त्यांत पाइक नांवाचा मासा पाणवनस्पतीपासून उत्पन्न होतो अशा ऐकींव गोष्टी गंभीरपणें सांगितल्या आहेत. तीं पानें वाचकानें खुशाल उलटावीं.

येशूच्या बारा शिष्यांपैकीं चौघे मासे धरणारे होते, याचा वॉल्टनला मोठा अभिमान. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर योहानाच्या एकविसाव्या अध्यायांतील तें वाक्य छापलें होतें, ज्यांत पेत्र आपण मासे धरावयास जातों असें म्हणतो आणि इतर शिष्य त्याच्या मागोमाग निघतात. हा अध्याय आम्ही दरवर्षीं वर्गांत वाचतों. रात्रभर एकहि मासा मिळत नाहीं, आणि पहाटे जाळ्यांत बरोबर एकशें त्रेपन्न मोठे मासे येतात. एकशें त्रेपन्न कशास मोजले, असें हुशार मुलें विचारतात. ज्या मुलांनीं स्वतः मासे धरले आहेत तीं विचारीत नाहींत. मोजल्यावांचून राहवतें कोणास? आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शुभवर्तमानांत जाळीं ठिकठिकाणीं आढळतात; गळ मात्र एकदांच, मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत, जेथें पेत्रास कर भरण्यासाठीं माशाच्या तोंडांत नाणें सांपडतें. गळ घेऊन बसणाऱ्या मित्रास हा संदर्भ भेटपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा. तो प्रसन्न होतो असा आमचा अनुभव आहे.

हा सारा साहेबांचा शौक, असें म्हणणारेहि भेटतात. त्यांस आम्ही कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचें नांव सांगतों. याच्या 'मानसोल्लास' नामक संस्कृत ग्रंथांत, जो ११२९ च्या सुमाराचा आहे, राजाच्या करमणुकींमध्यें मासे धरण्याचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाति कोणत्या, त्यांस काय चारावें, दोरी व गळ कसे असावे, हें सगळें त्यांत वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधीं सांगून ठेविलें आहे. मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ निराळ्या कारणानें परिचित असतो, तें असें कीं जुन्या मराठी पद्याचे नमुने त्यांत सांपडतात. एकाच पुस्तकांत आमची भाषाहि आहे आणि गळहि आहे, हें किती जणांच्या ध्यानांत येतें? बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत याचे तीन भाग १९२५, १९३९ व १९६१ या सालीं निघाले. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें त्या प्रकरणावर इंग्रजींत एक निबंध लिहिला, तोहि वाचनीय आहे. अर्थात् ही भेट संस्कृत जाणणाऱ्या आणि गळ टाकणाऱ्या माणसासाठीं. असा योग दुर्मिळ.

हिंदुस्थानांतील माशांवर एका साहेबानें लिहिलेलें पुस्तक हवेंच असेल तर मद्रासकडील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचें 'द रॉड इन इंडिया' पाहावें. तें प्रथम १८७३ सालीं मंगळूर येथें छापलें गेलें. महाशीर माशावर ग्रंथकाराचें एवढें प्रेम कीं स्वदेशींच्या सामन माशासहि तो त्याच्या खालची जागा देतो. त्याहून सोपें व स्वस्त असें जिम कॉर्बेटचें १९४४ सालचें कुमाऊंतील नरभक्षक वाघांचें प्रसिद्ध पुस्तक आहे. त्यांत वाघांच्या गर्दींत एकच प्रकरण महाशिरावर आहे, आणि घाईचे वाचक नेमकें तेंच गाळतात. अनुवाद विकत घेणार असाल तर तें प्रकरण ठेविलें आहे कीं नाहीं हें अनुक्रमणिकेंत आधीं पाहून घ्यावें. (महाशीर प्रत्यक्ष पाहावयाचा असेल तर रायगड जिल्ह्यांत महाडजवळ वाळण कोंड आहे, पालघर जिल्ह्यांत वैतरणेवर तिळसे आहे. दोन्ही ठिकाणीं देवस्थानामुळें माशांस अभय आहे. गळ घरीं ठेवून जावें.) थट्टा सहन होणाऱ्या मित्रास जेरोम के. जेरोम याचें १८८९ चें 'थ्री मेन इन अ बोट' चालेल. त्यांत खाणावळीच्या भिंतीवरील कांचेच्या पेटींतला एक मोठा ट्राउट आपणच धरला असें जो तो सांगतो, आणि शेवटीं तो मासा प्लास्टरचा निघतो. 'मोबी डिक' मात्र मासे धरणाऱ्यास देऊं नये. देवमासा हा मासाच नव्हे. आणि त्यांतील योना संदेष्ट्यावरचें प्रवचन आम्हांस कितीहि आवडलें तरी सुटी दहा दिवसांची आहे.

आतां मराठी पुस्तक. येथें आम्ही एकच नांव सांगतों, व तें निःशंकपणें सांगतों: पु. ल. देशपांडे यांचें 'एका कोळियाने'. अर्नेस्ट हेमिंग्वेची मूळ कथा १९५२ ची. तिचा हा अनुवाद १९६५ सालीं निघाला. पु. लं.चें नांव पाहून हंसावयाच्या तयारीनें बसणाऱ्यास यांत हंसूं सांपडणार नाहीं. नांवांतच काय तो एक खेळ आहे: जुन्या क्रमिक पुस्तकांतील जाळें बांधणारा, पुनःपुन्हां पडणारा तो आठ पायांचा कोळी, आणि हा होडीवाला कोळी. दोन अर्थांचा एकच शब्द मराठींत आयता होता. तो नेमका उचलणें हें अनुवादकाचें भाग्य व कौशल्यहि. क्यूबाच्या किनाऱ्यावरील म्हातारा सांतियागो चौऱ्याऐंशीं दिवस रिकाम्या हातानें परत येतो. त्याच्याबरोबर जाणाऱ्या मुलास आईबाप दुसऱ्या होडीवर घालतात, कारण म्हाताऱ्याचें नशीब फुटकें. पुढें तो एकटाच खोल समुद्रांत जातो, होडीहूनहि लांब असा मासा त्याच्या दोरीस लागतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क त्याचा सांगाडा तेवढा शिल्लक ठेवितात. पुस्तक लहान आहे. रोज थोडीं थोडीं पानें वाचलीं तरी सुटीच्या आंत संपतें.

हें पुस्तक आम्हीं गेल्या नाताळांत एका आठवीच्या विद्यार्थ्यासाठीं सुचविलें, तेव्हां त्याच्या आईस तें मुळींच रुचलें नाहीं. "सर, नदीवर जाऊं नको म्हणून मी रोज कानीकपाळीं ओरडतें, आणि तुम्ही त्याच्या हातांत कोळ्याचीच गोष्ट देतां?" असें ती बाई म्हणाली. तिची काळजी खोटी नव्हती. मुलाचें वाचन दोन इयत्ता मागें होतें. तिचे वडील गोदावरीच्या कांठीं सायखेड्याकडे जाळें टाकूनच म्हातारे झाले होते, आणि त्या जाळ्यानें कोणाचें घर उभें राहिलें नाहीं हें तिनें लहानपणापासून पाहिलें होतें. तिनें रुग्णालयांत रात्रपाळ्या करून मुलास आमच्या शाळेंत घातलें तें त्यानें पुन्हां पाण्याकडे वळावें म्हणून नव्हे. आम्हीं तिला इतकेंच सांगितलें कीं, तो दुसरें कांहीं वाचणार नाहीं. वाचलें तर हेंच वाचील. तिनें पुस्तक नेलें, पण तोंड फिरवूनच.

मुलानें तें वाचलें. बोट ठेवून, अडखळत, पण शेवटच्या पानापर्यंत. शार्कांविषयीं तो आमच्याशीं कांहीं बोलला नाहीं. त्याच्या मनांत राहिलें तें निराळेंच: "सर, म्हाताऱ्याजवळ काठी नाहीं, तो हातानेंच दोरी धरतो. आजोबाहि तसेच धरतात; बोटाला आधीं कळतें म्हणतात." आम्हीं तें पुस्तक तीन वेळां वाचलें होतें; ही गोष्ट आमच्या डोळ्यांस कधीं दिसली नव्हती.

त्या दिवसापासून आम्हांस वाटूं लागलें कीं, ह्या मुलास आणखी एक वाचन द्यावें, व तें दुकानांत मिळणारें नव्हे. मुंबईच्या फौजेंतील कर्नल सायक्स यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा करून लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळापुढें त्यांचें वर्णन मांडलें. त्यानें पाडलेलीं नांवें शास्त्रांत १८३९ सालचीं म्हणून नोंदलीं जातात. त्याचा तो निबंध आतां इंटरनेटवर विनामूल्य मिळतो. सायक्सनें पुष्कळशा माशांस नवीं नांवें न शोधतां येथील लोकांच्या तोंडचीं नांवेंच लॅटिनास जोडून दिलीं. पुण्याच्या मुळा-मुठेंतील महाशिरास 'खुद्री' हें आमचेंच नांव मिळालें; तसेंच 'शिंगटी' हेंहि. ही रीत पुढेंहि चालली. कुलकर्णी नांवाच्या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५२ सालीं दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या एका दख्खनी माशाचें नांव 'खवलचोर' असें ठेविलें, आणि जगांतील सर्व विद्वान् आतां त्यास खवलचोरच म्हणतात.

निबंधांतील कांहीं पानें आम्हीं छापून घेतलीं. इंग्रजी मजकूर मुलास कळण्यासारखा नव्हता, पण माशांचीं नांवें त्यास अक्षरें लावून वाचतां आलीं. 'शिंगटी' शब्दाशीं येतांच तो थांबला, पुन्हां वाचला, आणि आमच्याकडे असा पाहूं लागला कीं जणूं घरांतलें कोणी माणूस त्यास परक्या शहरांत भेटलें. ज्या मुलाच्या निबंधाच्या वहींत आमची लाल शाई वाहत असे, त्याच्या आजोळचा शब्द जगाच्या शास्त्रांत गेलीं पावणेदोनशेंहून अधिक वर्षें बसलेला होता.

त्यास आम्हीं एक कोरी वही दिली. आमच्या मतें मासे धरणाऱ्यास देण्याजोगें हें सर्वांत स्वस्त पुस्तक होय. तारीख, ठिकाण, पाण्याची स्थिति, आणि माशाचें आजोबांच्या तोंडचें नांव, असे चार रकाने आंखून दिले. कारण नांवें राहतील अशी खात्री उरलेली नाहीं. नाशिक शहराच्या खालीं गोदावरीचें पाणी उन्हाळ्यांत काळवंडतें व पाणवेलीच्या हिरव्या गोधडीखालीं झांकून जातें, हें पुलावरून जाणारा कोणीहि पाहतो. धरणांत रोहू व कटला सोडले जातात. १९५२ सालीं परदेशांतून या देशांत आणलेला तिलापिया, ज्यास बाजारांत चिलापी म्हणतात, तो जिकडेतिकडे झाला आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीस जानेवारी २०२० मध्यें रामसर क्षेत्राचा मान जाहीर झाला, महाराष्ट्रांत पहिलाच, तो मुख्यतः पक्ष्यांसाठीं. त्या पक्ष्यांच्या पोटांत काय जातें याची चौकशी थोडेच लोक करतात. आजोबांसारख्या माणसांस ती ठाऊक आहे. मरळीच्या लालसर पिलांचा घोळका पाण्यावर दिसला तर त्या जागीं गळ टाकूं नये, कारण आईबाप खालीं राखण करीत असतात, हें मुलास कोणत्या पाठ्यपुस्तकानें शिकविलें नव्हतें. तें त्यानें वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलें आहे.

जानेवारींत शाळा उघडल्यावर तो वही घेऊन आला. सतरा नांवें होतीं. त्यांपैकीं नऊ मासे त्यानें स्वतः पाहिले होते. उरलेल्या आठांसमोर ठिकाणाचा रकाना रिकामा होता. आजोबांनीं नांवें सांगितलीं, ते कसे दिसत तें सांगितलें, पण जाळ्यांत ते येईनासे होऊन बरींच वर्षें झालीं. मग त्यानें आम्हांस विचारलें, "सर, कर्नलसाहेबाला हे मासे दाखविले कोणीं?"

आम्हीं छापलेलीं पानें पुन्हां काढलीं. लंडनच्या यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स अशा विद्वानांचीं नांवें सायक्सनें माशांस दिलेलीं आहेत. एका माशाचें तर अर्धें नांव 'रोहटी' हें आमच्याकडचें व अर्धें ऑगिल्बीचें. ज्यांनीं पाण्यांतून मासा काढून साहेबांपुढें ठेविला व त्यास काय म्हणतात तें सांगितलें, त्यांच्या नांवाचा मासा त्या पानांत आम्हांस आढळला नाहीं. तसें आम्हीं त्यास सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. वही घेऊन गेला.

पुढल्या आठवड्यांत वही आमच्या मेजावर आली तेव्हां तिच्या उजव्या कडेस पट्टीनें एक पांचवा रकाना आंखलेला होता. मथळा, 'दाखविणाराचें नांव'. सतराहि ओळींत त्यानें आजोबांचें नांव लिहिलें आहे, प्रत्येक वेळीं पूर्ण, वडिलांच्या नांवासह व आडनांवासह. अक्षर अजून किरटें आहे, आणि रकाना अरुंद पडल्यामुळें शेवटल्या तीन ओळी समासांत गेल्या आहेत.